कानात घुसणारे आवाज आणि त्यांचे इंग्रजी शब्द : तुमचे अनुभव लिहा

मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. धड्यात 'स्क्रीच' आला, मी 'कर्कश आवाज' असा अर्थ सांगितला. पुढे 'श्रिल' आला, तोही कर्कश. 'स्ट्रायडंट'ही कर्कशच. सातवीतली एक पोर म्हणाली, "म्याडम, मंग तीन शब्द कायले?" प्रश्न रास्त होता. मी नवा खडू फळ्याला उभा टेकवून ओढला, सगळ्या वर्गानं कान झाकले. खडू अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. ही थरथर इतकी जलद होते की तिचाच आवाज होतो. तो स्क्रीच. खडू अर्धा मोडला की बहुतेकदा आवाज थांबतो. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणून असे आवाज इतके बोचतात. तुमच्या घरी, वावरात कोणते आवाज आहेत? त्यांना घरात काय म्हणतात, तेही लिहा.

मूर्तिजापूर
लहानपणी शकुंतला रेल्वेनं यवतमाळला मामाकडे जायचो. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. त्याची शिटी म्हणजे श्रिल, उंच आणि पातळ. वळणावर चाक रुळाला घासायचं तो स्क्वील. डुक्कर धरलं की ओरडतं, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द. आजी म्हणायची, "गाडी चिरकून रायली." शिटीला मात्र ती कधी चिरकणं म्हणाली नाही. शिटी वाजायची. म्हणजे हा फरक तिलाही ठाऊक होता, इंग्रजीचं एक अक्षर न शिकता.

चिमूर
हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरांसाठी जागलीला जातो. अंधारात आधी टिटवी ओरडते, मग आम्ही बॅटरी मारतो. तिचं घरटं जमिनीवरच असतं, त्यामुळे जवळ काही हललं की ती गप्प बसत नाही. इंग्रजी पक्षीपुस्तकांत तिचं ओरडणं 'डिड ही डू इट' असं लिहितात. आपण तर पाखराचं नावच त्या आवाजावरून ठेवलं.

मेहकर
रातकिडा पंखावर पंख घासतो, त्याला इंग्रजीत 'स्ट्रिड्युलेशन' म्हणतात. म्याडमच्या 'स्ट्रायडंट'चं मूळ तेच, लॅटिनमधलं. आमच्याकडे नुसतं किर्र.

आर्वी
गंजातली, म्हणजे पातेल्यातली, खरवड चमच्यानं काढताना माझे दात आंबतात. सासूबाई म्हणतात, दात चिंचेनं आंबतात, आवाजानं कसे आंबतील? पण इंग्रजीत अशा आवाजासाठी 'सेट्स माय टीथ ऑन एज' म्हणतात, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात हेच शब्द आंबट द्राक्षांसाठी आले आहेत. तिकडेही आंबट आधी, आवाज मागून. हे वाचून मला फार बरं वाटलं.

दिग्रस
आमची बंडी लाकडी चाकांची होती. वंगण सुकलं की चाक कुरकुरायचं. इंग्रजीत क्रीक, स्क्रीचपेक्षा खालचा, लांबत जाणारा आवाज. नाल्यापलीकडून तो ऐकू आला की आई तवा चुलीवर ठेवायची. गावात बंड्या चिक्कार होत्या, पण तिचा अंदाज चुकला नाही. बाबा वंगण मुद्दाम उशिरा घालत, असं मला अजूनही वाटतं. आता टायरची बंडी आहे. आई फोन करून विचारते, "कुठवर आला रे?"