मदत हवी आहे : २६ जुलै आणि कोल्हापूर

मंडळी, आमच्या तालमीच्या फळ्यावर २६ जुलैचं कोल्हापूर मांडायचंय. १९०२ सालची नोंद पक्की आहे : शाहू महाराज विलायतेत असताना करवीर गॅझेटात आदेश निघाला, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. पण फळा एवढ्यानं भरत नाही हो!

दुसरी नोंद घरातलीच. २००५ च्या महापुरातल्या कॅलेंडरवर २६ च्या चौकटीत आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलंय : ‘दूध नाही. पाणी गल्लीच्या तोंडाला.’ एवढंच.

तुमच्याकडं या तारखेची जुनी कात्रणं, पत्रिका, डायरीतली पानं असतील तर फोटो टाका की. साल स्पष्ट दिसू दे. ऐकीव गोष्टी नकोत, त्या कट्ट्यावर रोज मिळतात.