बसचं घर करूलालो, पण आत संडास नको असं माझं मत. विरोध चालेल.

लातूरकर
एका शाळेची जुनी मिडी बस घेतली. सीटा काढून टाकल्या. ड्रायव्हरच्या पाठीमागं १८ फूट लांबी, आतून पावणेसात फूट रुंदी, उभं राहायला ६ फूट २ इंच. माणसं पाच. मी, बायको, दोन पोरं आणि आई. आईचं वय ७२, गुडघे रुसलेले.

व्हिडिओत जेवढ्या गाड्या पाहिल्या त्यांत आधी संडास-बाथरूमची जागा ठरते, मग उरलेलं घर. मला हे उलटं वाटतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात मी टँकरच्या रांगेत घागरी लावल्यात. गाडीत १५० लिटरची टाकी बसते, म्हणजे दीडशे किलो वजन नुसतं पाण्याचं. ते प्यायला, स्वयंपाकाला, अंगावर घ्यायला. घाण वाहून न्यायला नाही. दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात ४२ डिग्रीत पत्र्याच्या डब्यात मैल्याची टाकी घेऊन फिरणार कोण? आणि अडीच बाय तीन फूट त्यात गेले की मधली वाट बोळ होते.

माझा नकाशा असा. मागं आडवा कायमचा पलंग, मी साडेपाच फुटाचा, मावतो. पलंगाखाली पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅस, सामान. मधे डाव्या हाताला ओटा. पुढं दोन्हीकडं बाक, रात्री मधे फळ्या टाकल्या की आई आणि पोरं झोपतील. छतावर सोलर, खिडकीला कूलर. अंघोळीला बाहेर पडदा. संडासाला धाबे, पेट्रोल पंप, भक्तनिवास आहेतच.

तुळजापूरची_लेक
"धाबे, पेट्रोल पंप, भक्तनिवास आहेतच." हे वाक्य घरात बायकोला वाचून दाखवलं का?

नवरात्रात आमच्या गावी किती माणूस लोटतं ते सगळ्यांना माहीत आहे. वाटेवरच्या पंपावर कडी नसलेलं दार एकीनं बाहेरून धरायचं, तोवर दुसरीनं आत जायचं, हे मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून करते. त्यात पाळीचे दिवस आले तर विचारूच नका. तुमच्या नकाशात ते कुठंच नाहीत. आणि रात्री दोनला आई उठल्या, तर रुसलेल्या गुडघ्यांनी बसच्या पायऱ्या उतरून अंधारात कुठं जायचं त्यांनी?

आता पाणी. पेटीचा संडास मिळतो. खाली सुटकेसएवढी टाकी असते, ती काढून कुठल्याही संडासात रिकामी करता येते. एका वेळेला अर्धा लिटर पाणी पुरतं. पाच माणसं, दिवसाला चार वेळा धरा, दहा लिटर झाले. आणि तुमचा तो खिडकीतला कूलर? कोरड्या उन्हात तासाला चार लिटर तरी पितो. दुपारचे सहा तास म्हणजे २५ लिटर. पाण्याची एवढी काळजी असेल तर आधी कूलर काढा.

लातूरकर
कूलर काढला तर पोरं उकडून निघतील. आणि ती पेटी १८-२० लिटरची असते. पाच माणसांची एका दिवसात भरते. रोज ती उचलून न्यायची कुणी?

तुळजापूरची_लेक
तुम्ही.

पैठणकर
दोघंही आतच भांडूलालाव. मी नाथांच्या पालखीत दिंडीचा ट्रक सांभाळलाय. खाली भांडी आणि धान्य, वर वळकट्या, चूल कायम बाहेर. पाचजणांची भाजी-भाकरी बंद डब्यात केली की तासभर आत बसवत नाही. मागच्या दाराशी ओढून काढायचा ओटा करा, वर ताडपत्री बांधा. आतली जागा मोकळी झाली की संडासाचा वादच मिटला.

अवांतर: ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडली माणसं पाच-सहा महिन्यांचा संसार एका गाडीत बांधून जातात. त्यांना कुणी मोटरहोम म्हणत नाही.

तुळजापूरची_लेक
दिंडीत पुढं-मागं टँकर असतो, आणि स्वयंपाकाला पंधरा हात असतात. आषाढात ताडपत्रीखाली आडवा पाऊस आला की भाकरीचं काय होतं तेही सांगा की.

पैठणकर
भिजते. खातो तशीच.

फिटर_काका
चिकलठाण्याला एसटीच्या कार्यशाळेत बॉडी सेक्शनला आयुष्य गेलं. संडास आत की बाहेर ते नंतर बघू, पलंगाखाली काय कोंबलंय ते आधी बघा.

टाकी, बॅटऱ्या, सामान आणि वर झोपणारी दोन माणसं, हे सगळं मागच्या चाकांच्याही मागं टाकलंत. तिथलं वजन तराजूसारखं पुढचं टोक उचलतं. स्टेअरिंग हलकं लागायला लागतं, माहूरच्या चढाला ते कळेल. पाण्याची टाकी दोन धुरांच्या मधे, फ्लोअरच्या खाली घ्या. टाकीच्या आत आडव्या पट्ट्या मारून घ्या, नाहीतर अर्धवट टाकीतलं पाणी ब्रेक लावला की पुढं आदळतं. ओटा डाव्या बाजूला, तर बॅटऱ्या उजव्या बाजूला. मागच्या चाकांवरचा उंचवटा आत येतो तिथं संडास किंवा ओटा मांडू नका, बाक टाका, बरोबर बसतो.

गॅस आणि बॅटरी एका कप्प्यात म्हणता? रामराम. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचून राहतो. शेजारी ठिणगी उडाली तर काय ते सांगायला नको. त्याला वेगळी पेटी करा. झाकण गाडीच्या बाहेरून, आतल्या बाजूनं सीलबंद, आणि तळाला भोक.

आणखी एक. मागचं दार हे संकटकाळचं दार आहे. आडव्या पलंगानं तेच बुजवलंत. आग पुढं लागली तर पाच माणसं निघणार कुठून? वेल्डिंगला हात लावायच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी न घेता फेरफार केला तर गाडी अंगणातच शोभेला ठेवावी लागते. अशा गाड्यांसाठी एआयएस १२४ म्हणून वेगळं मानक आहे, तेही वाचून घ्या.

लातूरकर
काका, टाकी आणि गॅस मान्य. दाराचं ध्यानातच आलं नव्हतं. पलंग उभा घेतो, एका भिंतीला लावून, दारापर्यंत वाट मोकळी. म्हणजे मधली जागा अजून कमी झाली. आता तर संडासाला जागाच नाही, हे माझ्याच बाजूनं झालं.

नांदेडी_वायरमन
उन्हाचं कुणी बोलंना म्हणून लिहितो. माझं मत दोघांच्याही विरुद्ध. कूलर नको, छत नीट करा.

आमच्या आजोळच्या माळवदाच्या घरात भर दुपारी घोंगडी लागायची, कारण डोक्यावर हातभर माती. बसच्या डोक्यावर एक पत्रा. त्याखाली दोन इंच फोम भरा, ६ फूट २ चे सहा फूट होतील, होऊ द्या. बाहेरून छत पांढरं. सोलर पॅनल पत्र्याला चिकटवू नका, चार इंच वर उचला. मधून वारं जातं आणि छताला सावलीही पडते. ५४० वॅटचा एक पॅनल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतो. तुमच्या छतावर एकामागं एक दोन आरामात बसतील, हवा जायच्या पंख्याला जागा सोडून. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच युनिट मिळतात. १२.८ व्होल्ट, २०० एएच (अँपिअर-अवर) च्या लिथियम बॅटरीत अडीच युनिट मावतात. बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारे पंखे ३० वॅटचे, दोन रात्रभर चालले तरी अर्धा युनिट. एसीचं स्वप्न एवढ्या बॅटरीवर बघू नका, मध्यरात्रीच बंद पडेल.

आणि शाळेच्या बसला इतक्या खिडक्या कशाला ठेवता? पश्चिमेच्या उन्हाला सगळी बाजू उघडी. निम्म्या पत्रा मारून बंद करा. त्या भिंतींना कपाटं लावता येतील.

लातूरकर
खिडक्या बंद करणार नाही. नळदुर्गला पाऊस लागल्यावर धबधबा बघायला जायचं तर काय कपाटातून बघू?

नांदेडी_वायरमन
धबधबा खाली उतरून बघतात, मालक.

तुळजापूरची_लेक
इथं लिहून काही होणार नाही. अंगणात चुन्यानं गाडी आखा, खऱ्या मापाची. ओट्याच्या जागी टेबल, पलंगाच्या जागी खाट, संडासाच्या जागी खुर्ची. संध्याकाळचा चहा-जेवण त्या रेघांच्या आत करा, पाचहीजणांनी. रेघ ओलांडायची नाही. मग बोला.

लातूरकर (चार दिवसांनी)
काल आखलं. शेजारी विचारूलालते, कशाची पूजा आहे म्हणून.

चहा करताना बायको ओट्याशी उभी राहिली की मागून कुणालाच जाता येईना. पोरं बाकावरून उड्या मारत पलीकडं. तिचं म्हणणं, ओटा पुढं दाराजवळ घ्या. वाफ दारातून जाईल आणि पाऊस नसला की शेगडी बाहेर काढता येईल. पैठणकर, तुमचं अर्धं आलं.

जेवणं झाल्यावर आई काही न सांगता उठली आणि संडासाच्या चौकोनातल्या खुर्चीवर जाऊन बसली. अडीच बाय अडीच आखला होता, फक्त बघायला. गुडघे रेघेच्या बाहेर आले. उठताना धरायला काही नाही म्हणून हात हवेत. म्हणाली, "इथं एक दांडी लाव. आन समोर वीतभर वाढव."

वीतभर वाढवायला ओट्यातून घ्यावं तर बायको नाही म्हणते, पलंगातून घ्यावं तर माझे पाय बाहेर. बघतो. बहुतेक सामानाचं कपाट जाईल.

फिटर_काका
दार आत उघडतंय का बाहेर? आत उघडलं तर आईचे गुडघे परत अडकतील, बाहेर उघडलं तर वाट बंद. ते आखलंच नसेल तुम्ही. सरकतं बसवा. आणि दांडी प्लायवूडला ठोकू नका, मागं बॉडीच्या सांगाड्यात पट्टी वेल्ड करून तिला बोल्ट मारा.

लातूरकर
सरकतं करतो. पेटी मी उचलीन, लिहून देतो. पण कूलर राहणार.