आजोबांची शिडाची होडी: मालवण ते हर्णै

प्रश्न: आजोबांची सागवानी होडी चार वर्षं किनाऱ्यावर शाकारून ठेवलीय. डिसेंबरात हर्णैला न्यायचीच आहे. आधी काय बघू?

उत्तर: रंगाचं नंतर बघा. स्क्रूड्रायव्हरने तळाच्या फळ्या टोचत जा, खिळ्यांभोवती जास्त. माझ्या होडीत सुकाणूच्या बिजागरीपाशी टोक बोटभर आत गेलं, वर रंग चकचकीत! फटींतला जुना कापूस उपसून नवा ठोका.

उत्तर: सुकं लाकूड आकसतं हो. पाण्यात उतरवल्यावर गळणारच. फळ्या फुगेपर्यंत बंदरातच ठेवा, पंप हाताशी हवा.

उत्तर: पहाटे मतलईवर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर निघा. दुपारी वायव्येचा वारा समोरून येतो. त्याआधी विजयदुर्ग, जयगड असं गाठत नांगर टाका.

प्रश्नकर्ता: आज टोचलं. डोलकाठीच्या बुडाशी लाकूड भुसभुशीत लागलं. उद्या सुतार येतोय.