काळ्या जमिनीत खड्डा घेतलाय, थर कसे वाचायचे? संत्र्याला चालेल का?

शिवार_चांदूरबाजार

नमस्कार मंडळी. संत्रा लावण्याआधी जमिनीचा छेद पाहावा म्हणून शेताच्या मधोमध दीड मीटर खोल खड्डा घेतला आहे. उतार जेमतेम, जमीन भारी काळी, आतापर्यंत कपाशी-तूर आणि सोयाबीन-हरभरा. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टेप लावून भिंतीवर जे दिसलं ते असं:

० ते १८ सेंमी: काळसर तपकिरी, भुसभुशीत, मुळ्या भरपूर.
१८ ते २६: घट्ट, सुरी जोर लावून जाते, आडवे पापुद्रे निघतात.
२६ ते ६०: काळीभोर, टोकदार कोनांची ढेकळं.
६० ते ११५: तिरपे, घोटून काढल्यासारखे चकचकीत पृष्ठभाग. त्यावर ओरखडे. मुळ्या फार कमी, आहेत त्या चपट्या.
११५ ते १४०: रंग फिका तपकिरी, पांढरे खडे आणि मधे पांढरी भुकटी.
१४० च्या खाली: पिवळट मुरूम.

शेजारी म्हणतात, एवढी खोल काळी जमीन म्हणजे सोनं, बिनधास्त लावा. मला त्या चकचकीत थराची आणि पांढऱ्या भुकटीची शंका येते. मातीपरीक्षणाला नमुना कुठून घ्यायचा आणि काय काय तपासायला सांगायचं? खुंट, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते मूळझाड, कोणतं धरू?

मृदाछेद

नोंद उत्तम घेतली आहे, त्यामुळे उत्तर देता येतं. आधी थर, मग संत्रा.

पहिला थर मशागतीचा. दुसरा, म्हणजे १८ ते २६ चा, निसर्गाने केलेला नाही. नांगर, रोटाव्हेटर आणि ट्रॅक्टरची चाकं एकाच खोलीवर वर्षानुवर्षे फिरली की असा तवा बसतो, आणि वाफसा येण्याआधी ओलीत मशागत केली की लवकर बसतो. आडवे पापुद्रे ही त्याची खूण. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा हा तवा थोडाफार आपोआप फुटतो, पण बारमाही ओलीत सुरू झालं की भेगा पडत नाहीत आणि तो तसाच राहतो. म्हणून बाग लावण्याआधीच, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत असताना सबसॉयलर ४५ सेंमीपर्यंत घाला. ओल्या जमिनीत घातला तर तो माती फोडत नाही, नुसती चीर पाडतो, आणि चिरेच्या दोन्ही कडा लिंपल्या जातात.

२६ ते ६० हा मुळांचा खरा थर. टोकदार कोनांची ढेकळं हातात घेऊन दाबा. दमट असताना बोटाच्या दाबाने फुटत असतील तर मुळं आत शिरतात.

आता चकचकीत थर. आपली माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात चिकणमाती बहुधा ४० ते ६० टक्के, आणि तीही स्मेक्टाइट जातीची, जी पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वरच्या थराला फुगायला मोकळी जागा असते. ६० सेंमीखाली मात्र वरून मातीचं ओझं आणि बाजूंनीही दाब. मग मातीचे गठ्ठे एकमेकांवर तिरपे घसरतात आणि घासून पृष्ठभाग चकचकीत होतात. ओरखडे त्या घसरण्याचेच. सर्वेक्षणाच्या अहवालात याला बीएसएस थर लिहितात आणि खोल काळ्या जमिनीची ती ओळखच आहे. म्हणजे हा दोष नव्हे. पण त्या पृष्ठभागांमध्ये मुळी सापडली की चपटी होते, कधी तुटते, आणि पाणी तिथून फार सावकाश उतरतं. कपाशीला त्याने फारसं अडत नाही. संत्र्याला अडतं, कारण त्याच्या मुळांशी पाणी थांबलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकूज ठरलेली.

काळा रंग म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, असं समजू नका. आपल्याकडच्या काळीभोर जमिनीतही कर्ब बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच निघतो.

एक सूचना: खड्डा ओला झाल्यावर आत उतरू नका. भिंत नेमकी त्या तिरप्या पृष्ठभागांवरून सुटते आणि अख्खा गठ्ठा एकदम खाली येतो. एका बाजूला पायऱ्या कोरा आणि काढलेली माती काठापासून मीटरभर लांब टाका.

चुनखडी_निरीक्षक

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. मी फक्त पांढऱ्याबद्दल लिहितो, कारण तुमच्या भागात निर्णय त्यावर फिरतो.

पांढरे खडे दोन प्रकारचे असतात. कडक, गोलसर, मातीतून सहज सुटणारे, वरून काळपट डाग असलेले खडे बहुधा जुने. त्यांच्यावरून आजच्या निचऱ्याचा अंदाज बांधू नये. पांढरी, मऊ, मातीत मिसळत गेलेली भुकटी मात्र सध्या तयार होणारा चुना आहे. तो तयार होताना मातीतल्या पाण्यातला कॅल्शियम अडकतो आणि मागे सोडियम-मॅग्नेशियमचं प्रमाण वाढतं. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, निचरा आणखी मंदावतो. चोपण जमीन अशीच खालून वर येते. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, हे सर्रास दिसतं आणि तुमचा तालुका त्याला लागून आहे. म्हणून भुकटी ११५ च्या वर कुठवर आली आहे ते पाहणं महत्त्वाचं.

आम्लाची चाचणी: बाजारातलं ३५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल १ भाग आणि पाणी ३ भाग. आधी पाणी घ्या, त्यात आम्ल सोडा, उलट कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. दर १५ सेंमीवरची माती घ्या, डोळ्यांना दिसणारे खडे वेचून बाहेर काढा, माती आधी पाण्याने भिजवा आणि मग दोन थेंब टाका. भिजवायचं कारण असं, की कोरड्या ढेकळातून नुसत्या हवेचेही बुडबुडे येतात आणि फसगत होते. फसफस जोरात आली तर बारीक चुना भरपूर आहे, पण टक्केवारी यातून कळत नाही, ती प्रयोगशाळेतूनच. संत्र्याला मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत हवा. वर गेला की कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. त्या वेळी फेरस सल्फेट जमिनीत कितीही ओता, निरुपयोगी होऊन बसतं. ईडीटीए चिलेटही (लोह बांधून ठेवणारं खत) जास्त सामूला (पीएच) टिकत नाही, ईडीडीएचए चिलेट टिकतं पण महाग.

नमुना खालून वर घ्या. वरून सुरू केलं तर वरची माती खालच्या थरावर सांडते. प्रत्येक थराचा अर्धा किलो, सावलीत वाळवून, पिशवीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे खोलीची चिठ्ठी. लोखंडी गंजकं हत्यार वापरू नका, लोह-जस्ताचे आकडे बिघडतात.

काय तपासायचं? मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी येतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. मुक्त चुना आणि विनिमययोग्य सोडियम (चिकणमातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) त्यात नाहीत. ते दोन, आणि कॅटायन विनिमय क्षमता (माती कॅल्शियम-सोडियमसारखे घटक एकूण किती धरून ठेवू शकते तो आकडा), वेगळे पैसे भरून मागून घ्या. बागेसाठी खरा निर्णय याच तीन आकड्यांवर आहे.

जिप्समवाला

एवढा विचार कशाला? एकरी दोन टन जिप्सम टाका आणि लावून मोकळे व्हा. चोपण असेल-नसेल, काम करतंच.

मृदाछेद

असं सरसकट टाकू नये, भाऊ. आकडेमोड बघा. १०० ग्रॅम मातीतला १ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम काढायला, १५ सेंमी थरासाठी, शुद्ध जिप्सम हेक्टरी सुमारे १.९ टन लागतं, म्हणजे एकरी सुमारे ७८० किलो. समजा विनिमय क्षमता ५० मिलीइक्विव्हॅलंट आणि सोडियम तिच्या १२ टक्के, तो ५ टक्क्यांवर आणायचा. म्हणजे ७ टक्के, ३.५ मिलीइक्विव्हॅलंट. एकरी २.७ टन, आणि हे फक्त वरच्या १५ सेंमीला. ६० सेंमीपर्यंत दुरुस्त करायचं म्हटलं तर एकरी ११ टनांच्या घरात. आणि सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो. आधी निचरा, मग जिप्सम. सोडियम नसेल तर जिप्समचे पैसे वाया.

पुस्तकात चोपणाची सीमा १५ टक्के सोडियम दिलेली असते. फुगणाऱ्या काळ्या मातीत पाण्याचा निचरा त्याच्या कितीतरी आधी बिघडायला लागतो, म्हणून १५ ची वाट पाहू नका.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत घरच्या दोन चाचण्या करा.

एक, पेल्याची. प्रत्येक थरातून हरभऱ्याएवढा वाळलेला खडा घ्या. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात अलगद सोडा, ढवळू नका. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार गढूळपणा दाबून ठेवतात. खडा नुसता फुटून ढीग झाला आणि पाणी नितळ राहिलं तर ठीक. खड्याभोवती दुधाळ वलय सुटून पसरत गेलं तर सोडियमचा संशय पक्का. दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी अशी दोनदा नोंद घ्या.

दोन, पाणी उतरण्याची. मोठ्या खड्ड्याच्या बाजूला ६० सेंमीवर पायरी कोरून तिच्यात ३० सेंमी लांब, रुंद, खोल असा छोटा खड्डा करा. भिंती कुदळीने घोटल्या गेल्या असतील तर सुरीने खरवडा. रात्रभर भरून ठेवा, म्हणजे बारीक भेगा मिटतात. सकाळी पुन्हा भरून पट्टीने मोजा. तासाला १ सेंमीही उतरत नसेल तर सपाट जमिनीवर संत्रा लावू नका.

शिवार_चांदूरबाजार

दोन्ही केल्या. ४० सेंमीच्या मातीचा पेला दुसऱ्या दिवशीही नितळ. ८० सेंमीच्या मातीभोवती दोन तासांत हलकं वलय, सकाळपर्यंत तळ दिसेनासा झाला. पायरीवरचं पाणी तासाला अर्धा सेंमीही उतरलं नाही. आम्लाला ७५ पासून खाली जोरात फसफस, वर किरकोळ. आता काय?

चुनखडी_निरीक्षक

म्हणजे वरचे ६० सेंमी निरोगी, खालचा थर चुनखडीचा आणि बहुधा सोडियमचाही. तुमच्याकडे मुळांसाठी दीड मीटर नाही, ६० सेंमी जमीन आहे, असं धरून आखणी करा.

मुळांची जागा वर उचला: दोन्ही बाजूंची वरची माती ओढून ४५ सेंमी उंच गादीवाफा, त्यावर झाड. माती ओढताना ६० सेंमीखालची चुनखडी वर येऊ देऊ नका, जेसीबीवाल्याला हे आधी बजावा. दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने चर काढा आणि तो शेताबाहेर नाल्याला जोडा, नाहीतर तो नुसता पाण्याचा हौद होतो. यंत्राने खोल खड्डे पाडून त्यात रेती-शेणखत भरू नका. काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंती घोटल्या जातात आणि पावसाळ्यात झाडाची मुळं त्या डबक्यात उभी राहतात.

खुंट रंगपूर लिंबाचा. चुना आणि क्षार तो जंबेरी या दुसऱ्या लिंबू खुंटापेक्षा बरे सोसतो, आणि जंबेरी ओलसर भारी जमिनीत डिंक्याला लवकर बळी पडते. कलमाचा जोड मातीपासून वीतभर तरी वर राहू द्या.

आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तपासल्याशिवाय एकही कलम आणू नका. त्यात बायकार्बोनेट, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजून घ्या. आरएससी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, २.५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर असेल तर तेच पाणी मातीतला कॅल्शियम चुना करून बसवतं, आणि आत्ता ७५ वर असलेली भुकटी तुमच्या ठिबकाखाली वर सरकत येईल. तसं पाणी असेल तर संत्रा रद्द करा, तूर-कपाशीच बरी.

शिवार_चांदूरबाजार

विहीर नाल्यालगत आहे, बोअर शेताच्या दुसऱ्या टोकाला. दोन्हींचं पाणी एकत्र करून तपासू का?

चुनखडी_निरीक्षक

नको, वेगवेगळं. पंप अर्धा तास चालू ठेवून मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी पोहोचवा. बाटली उघडी किंवा पडून राहिली तर कॅल्शियम तळाशी बसतो आणि अहवाल चुकतो. पाण्याचे नमुने आत्ता एकदा आणि मे महिन्यात पातळी खाली गेल्यावर पुन्हा एकदा द्या; बागेला पाण्याची खरी गरज तेव्हाच असते आणि क्षारही बहुधा तेव्हाच जास्त निघतात.