मदत हवी आहे: ३४व्या वर्षी इंटिरियर डिझाइनकडे वळायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं हिशेबाच्या खात्यात नोकरी करतेय. घरातलं सामान इकडचं तिकडे करायची खोड लहानपणापासूनची. रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूस हमखास कशावर तरी आपटायचं. तीच खोड आता पोटापाण्याला लावता येईल का, हे विचारायचंय.

नुसती हौस नाही, हातही पोळून झालेत. ताईकडे दोन भिंतींच्या मधल्या जागेत कपड्यांचं कपाट करायचं होतं. मी छातीच्या उंचीवर टेप धरला, १२१० मिमी आलं, तेच सुतारकाकांना सांगितलं. कपाट तयार झालं आणि आत जाईना. भिंत खाली ८ मिमी आत आलेली! काकांनी काही न बोलता ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं) सोडून दाखवला. मग सांगाडा उघडून आडव्या फळ्या कापल्या, पुन्हा जोडलं. तेव्हापासून माप तीन ठिकाणी घेते, खाली, मध्ये आणि वर, आणि सगळ्यात लहान आकडा धरते. गंमत म्हणजे रंग-पडदे निवडण्यापेक्षा मला या भानगडीच जास्त आवडल्या.

डेकोरेटर म्हणजे रंग, पडदे, गालिचे, सामानाची मांडणी आणि डिझायनरला त्याआधीचंही बघावं लागतं, म्हणजे विजेचे पॉइंट, नळ, पार्टिशन, फॉल्स सीलिंग, इतपत कळलंय. पण पूर्ण वेळची पदवी आता जमणार नाही. नुसतं सॉफ्टवेअर शिकून कुणी उभं करतं का? आणि माझी चित्रकला यथातथाच आहे, त्याचं काय?

प्रतिसाद १

चित्रकलेचं सोडा. रोज लागतात ते प्लॅन (वरून दिसणारा नकाशा), एलिव्हेशन (समोरून दिसणारा) आणि सेक्शन (मधून कापून दाखवलेला), आणि तिथे हातातल्या कलेपेक्षा प्रमाण महत्त्वाचं. सॉफ्टवेअरमध्ये आधी नकाशे काढायला ऑटोकॅड, मग थ्रीडीसाठी स्केचअप. रेंडरच्या, म्हणजे फोटोसारख्या हुबेहूब चित्रांच्या, नादाला उशिरा लागा. चित्रात सगळं मावतं, खोलीत मावत नाही. स्वयंपाकाचा ओटा साधारण ८५० ते ९०० मिमी उंच, समोरासमोर दोन ओटे असले आणि दोघं काम करणार असतील तर मध्ये १२०० मिमी, व्हीलचेअर वळायला १५०० मिमीचं वर्तुळ, असले आकडे तोंडपाठ हवेत. आणि भिंत पाडायचा विषय निघाला की स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही. पदवीचं म्हणाल तर काही देशांत डिझायनर म्हणवून घ्यायलाही परवाना लागतो, तुमच्याकडचा नियम आधी बघा. ड्राफ्टिंगच्या, म्हणजे नकाशे काढायच्या, नोकरीला मात्र बहुतेक वेळा कामाचे नमुने पाहतात.

प्रतिसाद २

हिशेबातल्या आहात, मग इस्टिमेशनकडे, म्हणजे माल आणि खर्चाचा अंदाज काढायच्या कामाकडे, का बघत नाही? चांगला बीओक्यू (कामाला काय आणि किती लागेल त्याची यादी) करणारं माणूस शोधून सापडत नाही. प्लायची शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. कपाटाची खोली ६०० मिमी ठेवली तर एका शीटमधून दोन उभ्या पट्ट्या निघतात. कुणी ६२५ मागितली की एकच, आणि उरलेला तुकडा भिंतीला टेकून पडतो. हे ड्रॉइंगवरच पकडणारं माणूस कंत्राटदाराला हवं असतं.

बाकी लाइटिंग, किचन, प्रदर्शनांचे स्टॉल, नाटकाचे सेट, थ्रीडी व्हिज्युअलायझेशन अशा वाटा आहेतच.

प्रतिसाद ३

जरा थंड पाणी ओततो. ग्राहकाच्या घरचं भांडण तुमच्यासमोर होतं. नवऱ्याला २७०० केल्व्हिनचा (उजेडाच्या छटेचं माप) पिवळसर उजेड हवा, बायकोला ४०००चा पांढरा, आणि दोघंही तुमच्याकडे बघतात. हे झेपत असेल तरच स्वतंत्र काम घ्या. आधी दोन वर्षं कुणाच्या तरी साइटवर राबा, सुतार आणि इलेक्ट्रिशियन जे शिकवतात ते वर्गात मिळत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून रात्री ताईच्या कपाटाचा प्लॅन काढला. खोली ६३० मिमी ठेवली होती आम्ही, का ते आता आठवत नाही. बाजूच्या दोन फळ्यांनाच दोन शीट गेल्या. ताईला अजून सांगितलेलं नाही.

एक विचारू? इस्टिमेटरच्या मुलाखतीला दाखवायला काय न्यायचं? फोटो तर तिथे काही कामाचे नाहीत.