डोंगराला भेग पडलीय, नॉर्वेवाले नजर कशी ठेवतात कुणाला माहिताय का?

पाटणखोरं:
नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यातल्या एका वाडीतनं लिहितोय. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरडी कोसळून माणसं गेली, त्याच पावसात आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला भेग पडली. तेव्हापासनं दर पावसाळ्यात आम्हाला खाली शाळेत आणून ठेवतात, जनावरं मात्र वर गोठ्यातच, मग धारा काढायला रोज कुणीतरी वर जायचंच, आणि पंधरा दिवसांनी काय झालं नाही म्हणून सगळी परत घरी. यंदा आजी म्हणतीया मी काय येत न्हाई, मरायचं तर माझ्या घरात मरीन. परवा मोबाईलवर बघितलं की नॉर्वेत डोंगरावर चोवीस तास पहारा असतो. खरं आहे का? आणि आपल्याला त्यातलं काय जमेल?

दगडमाती_सांगली:
खरं आहे दादा, जिऑलॉजी शिकलोय म्हणून सांगतो. तिथं वेस्लेमानेन नावाचा कडा होता, खाली थोडीच घरं आणि रेल्वेलाईन. २०१४ पासनं समोरच्या बाजूनं रडार लावून कडा किती सरकतोय ते मोजत बसले. भेगांत गोठलेला बर्फ म्हणजे दगडांना धरून ठेवणारा चुनाच, हवा तापली की तो सुटतो आणि वर पावसाचं पाणी आत शिरलं की कडा जोरात सरकायला लागतो. वेग वाढला की लोकांना हलवायचं, कमी झाला की परत आणायचं. असं एकदोनदा नाही, १६ वेळा केलं. शेवटी ५ सप्टेंबर २०१९ ला कडा खाली आला, एकही माणूस गेला नाही.
१६ व्या वेळेलाही लोक उठून गेले, मला तर रडारपेक्षा त्याचंच जास्त वाटतं.

इर्विनपुलाशेजारी:
हे वाचून पोटात कालवलं. आमच्याकडं सांगलीत २००५ चा पूर बघितलेली माणसं २०१९ ला हललीच नाहीत. सासरे म्हणायचे तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीला थांबलेलं, आताही थांबेल. इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आम्ही त्यांना माडीवरनं होडीत उतरवलं, हातात फक्त औषधाची पिशवी. पाटणच्या दादा, आजीला रागावू नका, पण एकटं सोडूही नका.
मला एक कळत नाही, ते लोक १६ वेळा कंटाळले कसे नाहीत?

दगडमाती_सांगली:
ताई, कंटाळले, वैतागलेही. पण आज कडा किती सरकला हा आकडा त्यांना कळत होता. नुसतं "धोका आहे, निघा" नव्हतं. आणि त्या देशाला जुनी जखमही आहे, १९३४ ला टाफ्योर्डमध्ये कडा समुद्राच्या खाडीत पडला, लाट उसळली आणि ४० माणसं गेली. उत्तर ध्रुवाजवळच्या त्यांच्याच स्वालबार्ड बेटांवर डिसेंबर २०१५ मध्ये बर्फाचा कडा घसरून ११ घरं मोडली, दोघं गेले, त्यानंतर त्या उताराखालची कितीतरी घरं कायमचीच हलवली.
पण दादा एक फरक नीट लक्षात घ्या. त्यांचा खडक वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो, म्हणून आधी कळतं. आपल्याकडं कातळावर मातीचा थर, तीन-चार दिवस सलग पाऊस झाला की ती माती पाणी पिऊन एका रात्रीत खाली येते. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासानं निसार नावाचा उपग्रह सोडला, त्याचा रडार झाडीखालची जमीनही बघतो, पण तो १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो, त्या एका रात्रीला तो पुरणार नाही. त्यामुळं तुमच्यासाठी पाऊस मोजणं पहिलं. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवा, रोज सकाळी एकाच वेळेला वहीत लिहा. दुसरं, भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोका आणि मधलं अंतर टेपनं मोजा. आकडा वाढला की तलाठ्यांना फोटोसकट पाठवा, पोलीस पाटलांनाही. फक्त पाऊस लागला की मोजायला वर कुणीही जायचं नाही, तेव्हा वहीतला पावसाचा आकडा बघूनच निघायचं.

पाटणखोरं:
लई उपकार झाले. गुरुजींशी बोललो, सातवीची पोरं पाऊस लिहायला तयार आहेत. आजीला १६ वेळा गेलेल्या लोकांचं सांगितलं तर म्हणाली, त्यांच्या म्हशी कुठं होत्या? बरोबरच आहे तिचं, म्हणून खाली शाळेमागं पत्र्याचं शेड टाकायचं ठरतंय, जनावरं आली की ती आपोआप येईल. खुंट्या बाभळीच्या चालतील का?

दगडमाती_सांगली:
नको, ओल्या मातीत लाकूड हलतं आणि माप चुकतं. लोखंडी सळई घ्या, दोन-अडीच फूट आत जाऊ द्या. मे संपायच्या आत ठोका.