बाग आपणच झाडायची, तर घरपट्टीत वृक्षकर कशाला भरायचा?

गावभागकर
सांगलीत पेठेला लागून आमची छोटी बाग आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. सात रविवार झाले, आम्ही पंधरावीस जण खराटे घेऊन जातोय. पालापाचोळा जाळणं बंद केलं, कोपऱ्यात खड्डा काढून त्यात टाकतो. आता वर्गणी काढून पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक करायचा आणि दुपारी १२ ते ४ फाटकाला कुलूप लावायचं, असं चाललंय. बोला.

हळदकट्टा
खराट्याला माझा नमस्कार, वर्गणीला नाही. वृक्षकराची तरतूद १९७५च्या झाडांच्या कायद्यातच आहे. एकदा कर भरायचा, परत पावती फाडायची? आणि आपण करतोय म्हटल्यावर ज्यांचं काम आहे ते हात झटकून मोकळे.

सकाळची चक्कर
दादा, तुमचं तत्त्व बरोबर. पण सीसॉची एका बाजूची फळी दोन वर्षं नव्हती. माझा नातू एकटाच बसायचा, पलीकडून मी हाताने दाबायची. या पोरांनी वेल्डर आणून एका दुपारात बसवली. तुमच्या तत्त्वावर नातू झुलला नसता.

हळदकट्टा
काकू, अर्ज केला होता का कुणी?

सकाळची चक्कर
तीन. पोच आहे माझ्याकडे, दाखवू?

करंजाखाली
वर्गणीचं तुम्ही बघा, माझं भांडण ब्लॉकशी आहे. फाटकातून आत गेल्यावर डावीकडचा करंज बघा. मागच्या खेपेला बुंध्याला घासून ब्लॉक बसवले, मुळांनी उचलून टाकले, आता तिथेच लोक ठेचकाळतात. वर मुळांना पाणी नाही, हवा नाही. दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवती मीटरभर जागा मोकळी करायला लावली होती. आपण उलट आणखी आवळायला निघालोय, तेही स्वतःच्या पैशाने.

सकाळची चक्कर
आणि जुलैत काय करायचं? आपली काळी माती, दोन पावलांत चपलेला शेरभर चिकटते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने मुळांची हवा बघायची का स्वतःची हाडं?

करंजाखाली
मुरूम टाकून रोलर फिरवा की.

गावभागकर
मुरूम दर पावसाळ्यात वाहून जातो, दर वर्षी कोण टाकणार?

करंजाखाली
ब्लॉक तरी कुठे टिकतात? २०१९च्या पुरात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या गल्लीतले ब्लॉक नंतर आठवा, खालची कच वाहून गेली आणि रस्ता खाटेसारखा झोळला.

दोन नंबर गाळा
सगळे ट्रॅकवरच भांडताय, कुलपाचं कुणीच बोलेना. दुपारी तिथे कोण असतं? सकाळपासून पोती उचललेले हमाल. डबा खातात, टॉवेल तोंडावर घेऊन अर्धा तास पडतात. चार तास कुलूप म्हणजे त्यांना बाहेर काढणं. सकाळी चालणाऱ्यांची बाग सकाळीच उघडी, हा न्याय भारी आहे.

गावभागकर
हमालांना कोण नको म्हणतंय? मागच्या रविवारी झुडपातून अकरा बाटल्या काढल्या. एक फुटकी होती, माझ्याच तळहाताला लागली.

दोन नंबर गाळा
त्या रात्रीच्या. कुलूप रात्री लावा. दुपारी भडंगवाल्याला फाटकाशी बसू द्या, येणाऱ्याजाणाऱ्यावर त्याचं लक्ष असतं.

हळदकट्टा
आणि त्याच्या कागदाच्या पुड्या कोण उचलणार?

दोन नंबर गाळा
तुम्ही. वर्गणी देत नाही ना?

गावभागकर
बरं. कुलूप रात्रीचं, हे मला पटलं. ट्रॅकचं अजून पटलं नाही, काकूंचा मुद्दा मोठा आहे. निदान करंजाभोवतालचे ब्लॉक येत्या रविवारी काढून घेऊ, त्याआधी बागेच्या माणसाला चिठ्ठी देतो. पहार कुणाकडे आहे?

हळदकट्टा
माझ्याकडे आहे. आणतो. वर्गणी मात्र मागू नका.